प्रत्येक वेळी वाचवायला गोराच का येतो?

निवांत_प्रेक्षक

मंडळी, एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय. मागच्या रविवारी भाच्याबरोबर 'द लास्ट सामुराई' परत बघितला. माझा आवडता पिक्चर, २००३ ला आला तेव्हापासून चार-पाच वेळा तरी झालाय. संपल्यावर मी इकडे डोळे पुसतोय आणि हा पठ्ठ्या (कॉलेजात आहे, जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत तयार असतं) म्हणतो, मामा, सगळे सामुराई मेले आणि टॉम क्रूझ तेवढा वाचला, तुला विचित्र नाही वाटत? मी म्हटलं अरे तो हिरो आहे. तर म्हणे हो ना, मी पण तेच म्हणतोय.

मग अर्धा तास लेक्चर झालं. व्हाइट सेव्हियर, म्हणजे गोरा तारणहार. काळे, आदिवासी, आशियाई लोक संकटात असतात, बाहेरून एक गोरा येतो, त्यांच्यात मिसळतो आणि शेवटी त्यांना वाचवतो, आणि ते लोक त्याच्या मोठेपणाचे साक्षीदार म्हणून उरतात. मी आठवायला लागलो तर यादी वाढतच गेली. डान्सेस विथ वुल्व्हज, अवतार, द ब्लाइंड साइड, द हेल्प, ग्रीन बुक, हिडन फिगर्स... यातले निम्मे मला मनापासून आवडलेत हो!

तर प्रश्न असा की हे ओळखायचं कसं? गोरा माणूस चांगला दाखवला की झाला तारणहार, असं असेल तर अवघड आहे, कारण मदत करणारे गोरे इतिहासात होतेच की. आणि हे सिनेमे आवडले म्हणजे माझं काही चुकलं का? भाच्याशी वाद घालायला मुद्दे द्या, नाहीतर निदान व्यवस्थित हार मानता येईल एवढी तरी माहिती द्या.

तिसरी_घंटा

भाचा हुशार आहे, जपा त्याला.

मदत करणं हा प्रॉब्लेमच नाहीये. पिक्चर कुणाच्या डोक्यात शिरतो ते बघा. लास्ट सामुराईचंच घ्या. टॉम क्रूझच्या ऑल्ग्रेनला झोप का लागत नाही, तो एवढी दारू का पितो, अमेरिकेत त्याने रेड इंडियन वस्तीवर काय केलं होतं, सगळं आपल्याला माहीत असतं, त्याची डायरीसुद्धा आपण ऐकतो. आता ती ताका आठवा. तिच्या नवऱ्याला याने मारलंय, आणि याला आणून तिच्याच घरात ठेवलंय, ती याची जखम बघते, जेवू घालते आणि शेवटी नवऱ्याचं चिलखत स्वतःच्या हाताने याच्या अंगावर चढवते. आता सांगा बरं, या बाईच्या मनात काय चाललंय यावर पिक्चर किती वेळ थांबतो? मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीत सगळ्यात जबरदस्त माणूस तीच आहे, पण आपण तिच्याकडेही बघतो ते त्याच्या ओंजळीने.

बरं, मूळ इतिहासात अमेरिकन कॅप्टन नाहीच. सायगो ताकामोरी या सामुराई सरदाराचं बंड १८७७ चं, ती जपान्यांची आपसातली लढाई. फ्रेंच अधिकारी ज्यूल ब्रुने १८६८-६९ च्या यादवीत शोगुनच्या बाजूने लढला होता, तो आधीचा आणि वेगळा प्रसंग, त्याची सावली या पात्रावर आहे असं म्हणतात. शिवाय सायगोच्या लोकांकडे रायफली होत्या, तोफा होत्या. बंदुकीला हात न लावणारे भोळे शूरवीर हे पिक्चरवाल्यांना हवं होतं, कारण त्याशिवाय आपल्या साहेबाचं हृदयपरिवर्तन कसं होणार.

आणि अवतार म्हणजे तर आयत्या बिळावर नागोबा. जेक सलीला तीन महिने मिळतात, तेवढ्यात भाषा, शिकार, उडणं, सगळं येतं, वर त्यांच्या अख्ख्या इतिहासात फक्त पाच जणांना जमलेलं ते मोठ्या पक्ष्यावर बसणं पण हाच करून दाखवतो. त्सुतेय आठवतो का? तो जन्मभर नेता व्हायची तयारी करतोय आणि ऐन वेळी त्याला काम काय मिळतं, तर जेकच्या भाषणाचा दुभाषी.

ठोकळा

जरा जास्तच चिरफाड होतेय असं वाटतंय. सिनेमाला एक हिरो लागतो आणि बाहेरचा माणूस घेतला की प्रेक्षकाला त्याच्याबरोबर नवीन जग समजत जातं, ही गोष्ट सांगायची जुनी सोय आहे, त्यात वंशवाद शोधायची गरज नाही. आणि खऱ्या गोष्टींचं काय करणार? ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह मधला ब्रॅड पिट कॅनडाचा सुतार आहे, बास. तो माणूस खरा होता. पळवून गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थपची पत्रं त्यानेच पाठवली म्हणून सॉलोमन सुटला. आता काय त्याला पण कापायचं?

सावली_मोजणारी

ठोकळा, बासचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते तुमच्या विरुद्ध जातं.

बास त्या सिनेमात किती वेळ आहे? शेवटाकडे काही मिनिटं. येतो, बोलतो, मदत करायची त्याला भीती वाटते तेही कबूल करतो, पत्र पाठवतो आणि जातो. त्याच्या आत्म्याचा प्रवास वगैरे काही नाही. सगळा सिनेमा सॉलोमनच्या चेहऱ्यावर आहे, त्यामुळे बास खरा वाटतो आणि कुणाच्या जागेवर बसत नाही. गंमत म्हणजे २०१३ मध्ये इटलीत पोस्टरं लागली त्यात ब्रॅड पिटचा चेहरा हा एवढा मोठा आणि सॉलोमन झालेला चिवेटेल एजियोफोर कोपऱ्यात बारीकसा पळताना. आरडाओरडा झाल्यावर काढली ती. म्हणजे दिग्दर्शकाने ज्याला जागेवर ठेवलं होतं त्याला विकणाऱ्यांनी परत तारणहार केलंच!

पण मला खरं बोलायचंय ते क्राय फ्रीडम बद्दल, कारण या विषयावर त्याच्याइतकं दुखरं उदाहरण मला माहीत नाही. ॲटनबरोचा सिनेमा, १९८७. स्टीव्ह बिको म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदाविरुद्ध लढणारा काळा नेता. डेन्झेल वॉशिंग्टनने काय काम केलंय, पडद्यावर असेपर्यंत नजर हलत नाही. आणि मग बिको मरतो. सिनेमा निम्मासुद्धा झालेला नसतो. पुढे तो अधूनमधून आठवणींत येतो तेवढाच, बाकी सगळं डोनाल्ड वुड्स या गोऱ्या संपादकाचं, त्याच्यावर बंदी येते, घरावर पाळत, मुलांचं कसं होणार, मग पाद्र्याच्या वेशात सीमा ओलांडून लेसोथोत पळणं. थरारक आहे, नाही असं नाही. वुड्स खरा, त्याचं धाडस खरं. पण १२ सप्टेंबर १९७७ ला कोठडीतल्या मारहाणीने मेलेल्या माणसाच्या सिनेमात आपण शेवटचा तासभर श्वास रोखून काय बघतोय, तर एक गोरं कुटुंब सुखरूप पोचतंय की नाही.

आता यातला खरा काटा सांगते. बिकोचं सगळं राजकारण कशावर उभं होतं? विद्यार्थी असताना तो गोऱ्या उदारमतवाद्यांच्या हातात असलेल्या संघटनेतून बाहेर पडला आणि काळ्या विद्यार्थ्यांची वेगळी संघटना काढली. मुद्दा हाच होता की चांगले गोरे आमच्या वतीने बोलतात, आमचं दुःख आम्हालाच समजावून सांगतात, आणि त्यात आम्ही कायम ऐकणारे राहतो. आमचं आम्ही बघू. हे म्हणणाऱ्या माणसावर सिनेमा काढला आणि तो काढला एका चांगल्या गोऱ्याच्या नजरेतून! ॲटनबरोचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे, म्हणून तर जास्त लागतं.

ठोकळा

हे बिकोचं माहीत नव्हतं, मान्य. पण एक बाजू मांडू द्या. १९८७ म्हणजे तिकडे वर्णभेदाचं सरकार ठणठणीत होतं, मंडेला तुरुंगात. त्या वेळी लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांना थिएटरात आणून बिकोचं नाव ऐकवायचं तर त्यांच्यातलाच एक माणूस पुढे करावा लागला असेल. शेवटी कोठडीत मेलेल्यांची नावं पडद्यावर येतात, एकेक करून, आणि पुढे सरकारने दिलेलं कारण, आत्महत्या, जिन्यावरून पडला वगैरे. तो भाग बघून मी थिएटरातून गप्प बाहेर पडलो होतो. तो सिनेमा नसता तर मला बिको हे नाव तरी कुठून कळलं असतं?

सावली_मोजणारी

हो, ती नावांची यादी माझ्याही डोक्यातून जात नाही. आणि बिको मलाही त्याच सिनेमातून कळला. म्हणून तर राग येतो, फुकट गेलेला सिनेमा असता तर एवढं लिहिलं नसतं.

निवांत_प्रेक्षक

बापरे, मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो ते खाली ठेवलं. पण मग हिडन फिगर्स? त्यात तर तिघी काळ्या बायकाच हिरॉइन आहेत ना, नजर पण त्यांचीच. तो केव्हिन कॉस्टनर बाथरूमची 'कलर्ड' पाटी घाव घालून पाडतो तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या. तो पण बाद?

कोरा_कागद

निवांत, तुमच्या टाळ्या परत द्या आता :)

तो सीन घडलेलाच नाही. कॉस्टनरचा अल हॅरिसन हे पात्रच दोन-तीन जणांची मोट बांधून केलंय. १९५८ ला नाका (नासाच्या आधीची संस्था) जाऊन नासा आली तेव्हाच काळ्या गणिती बायकांसाठी वेगळं ठेवलेलं वेस्ट कंप्युटिंग ऑफिस बंद झालं होतं, सिनेमा घडतो १९६१ मध्ये. आणि कॅथरीन जॉन्सन तर अर्धा मैल पळत वगैरे जातच नव्हत्या, त्या कामाच्या इमारतीतल्या गोऱ्या बायकांच्या बाथरूममध्ये सरळ जायच्या, त्यावर पाटी नव्हती, आणि नंतर कुणी आक्षेप घेतला तरी त्यांनी लक्ष दिलं नाही. म्हणजे पळण्याचा अपमान पण काल्पनिक आणि त्यातून सोडवणारा साहेब पण काल्पनिक. डोरोथी व्हॉन सिनेमात सुपरवायझरचं पद मिळावं म्हणून झगडतात ना, त्या १९४९ पासून विभागप्रमुख होत्या.

आता खरी पाटी ऐका. ज्या पुस्तकावरून सिनेमा काढलाय त्यातच आहे हे. कँटीनमध्ये एका मागच्या टेबलावर 'कलर्ड कंप्युटर्स' (कंप्युटर म्हणजे तेव्हा हिशोब करणारी माणसं) अशी छोटी पाटी असायची, या बायकांनी तिथेच बसायचं. मिरियम मान नावाच्या बाई, याच गणिती बायकांपैकी, त्यांनी एक दिवस ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवीन पाटी आली. ती पण पर्समध्ये. परत आली, परत पर्समध्ये. नवरा सांगत होता नोकरी जाईल. शेवटी पाट्या यायच्या बंद झाल्या.

आता मला सांगा, हा सीन हातात आयता असताना तुम्ही तो टाकून देता आणि पाटी फोडायचं काम गोऱ्या साहेबाला देता, ते पण चारचौघांत, घाम गाळून. भारी कोणता आहे? मला तर पर्सचा भारी वाटतो. एक बाई, आवाज नाही, भाषण नाही, रोज तीच चोरी. पण त्यात गोऱ्या प्रेक्षकाला उभं राहायला जागा नाही ना, टेबलावर पाटी ठेवणारे तेवढे गोरे उरतात.

तिसरी_घंटा

पर्समधली पाटी!! हे मला माहीत नव्हतं. संपलं, माझ्याकडून या धाग्याचं बक्षीस तुम्हाला.

निवांत_प्रेक्षक

टाळ्या परत घेतल्या. मिरियम मान बाईंना दिल्या.

रिळवाला

उशीरा आलो. ब्लाइंड साइड कुणीच घेतला नाही अजून? त्याची गोष्ट तर पडद्याबाहेर जास्त चाललीय.

२००९ चा सिनेमा, सँड्रा बुलकला ऑस्कर. श्रीमंत गोरं कुटुंब बेघर काळ्या मुलाला घरी आणतं, तो अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू होतो. मायकेल ओहर खरा माणूस, त्याच वर्षी बाल्टिमोरच्या टीमने त्याला खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं होतं. सिनेमात त्याला खेळ कळतच नाही, घरातला छोटा मुलगा सॉसच्या बाटल्या मांडून शिकवतो, आणि बाई मैदानात घुसून सांगतात की टीम म्हणजे तुझं कुटुंब, त्याला सांभाळ, की लगेच याला उमगतं. ओहरने २०११ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की हे बघून वाईट वाटलं, मी त्या घरात जायच्या आधीपासून खेळ अभ्यासत होतो, मला मठ्ठ का दाखवलं. म्हणजे बघा, खेळाडू तुमच्याकडे आहे, पण त्याला आधीच खेळ येतो म्हटलं तर बाईंनी काय केलं? घर दिलं, ते मोठंच आहे, पण पिक्चरला तेवढं पुरत नाही, त्याचं डोकंसुद्धा यांनीच दिलं पाहिजे.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ओहर कोर्टात गेला. त्याचं म्हणणं की मला दत्तक घेतलंय असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर २००४ मध्ये कन्झर्व्हेटरशिपच्या कागदांवर सही घेतली, म्हणजे माझ्या वतीने करार करायचा हक्क त्यांच्याकडे. कुटुंबाने गैरफायद्याचे आरोप नाकारले. कोण किती खरं यात मी पडत नाही, पण ती कन्झर्व्हेटरशिप सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने संपवली. सिनेमात ज्याला दत्तक म्हणून आपण गहिवरलो ते कागदावर दत्तक नव्हतं एवढं तरी नक्की.

ठोकळा

हे वाचल्यावर आता तो परत बघवणार नाही. कशाला सांगितलंत.

चष्मेबद्दूर_७२

सगळे गंभीर झालात म्हणून एक हलकं. आपल्यावर काढलेला विसरलात का, इंडियाना जोन्स आणि टेंपल ऑफ डूम, १९८४? काळ १९३५, गावातली मुलं गायब, पवित्र दगड गायब, म्हातारे हात जोडून उभे, आणि आभाळातून (अक्षरशः आभाळातून, विमानातून रबरी बोटीत बसून) अमेरिकन प्रोफेसर पडतो. भारत सरकारने स्क्रिप्ट बघून शूटिंगला परवानगी दिली नाही म्हणून श्रीलंकेत केला. राजवाड्यात माकडाचा मेंदू खातात, काय बोलायचं. आणि शेवटी पुलावर इंडीच्या मदतीला कोण धावून येतं? ब्रिटिश कॅप्टन, फौज घेऊन. १९३५ मध्ये! म्हणजे तारणहाराला वाचवायला आणखी एक तारणहार.

तरी सांगतो, अमरीश पुरींचा मोलाराम आला की मी अजूनही सरसावून बसतो. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढा एकच माणूस मजा करतोय.

सावली_मोजणारी

अमरीश पुरींना सगळं माफ.

रिळवाला

पण लोक असे सिनेमे काढतात का, तर पैसा. मोठं बजेट हवं तर मोठा स्टार हवा, आणि पैसे देणाऱ्यांच्या लेखी परदेशात चालणारा स्टार म्हणजे गोरा, मग त्याला स्क्रिप्टमध्ये काहीतरी मोठं काम द्यावंच लागतं, तो कोपऱ्यात उभा राहायला येत नाही. स्पाइक लीने १९९२ ला काळ्यांचा नेता माल्कम एक्स याच्यावर त्याच नावाचा सिनेमा काढला तेव्हा बजेट संपलं, स्टुडिओ आणखी पैसे देईना, तर त्याने ऑप्रा विन्फ्री, मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, प्रिन्स अशा लोकांना फोन केले आणि त्यांनी पैसे दिले, गुंतवणूक म्हणून नाही, तसेच. त्या सिनेमात एक सीन आहे, एक गोरी कॉलेजची मुलगी माल्कमला विचारते माझ्यासारखी चांगली गोरी माणसं तुमच्या कामाला काय मदत करू शकतात, आणि तो म्हणतो काही नाही, आणि चालायला लागतो. (खऱ्या माल्कमला पुढे या उत्तराचा पश्चात्ताप झाला होता, ते त्याने आत्मचरित्रात सांगितलंय.) स्टुडिओच्याच पैशावर असतो तर हा सीन राहिला असता का, काय माहीत.

आणि उलटं उदाहरण पण आहे. किलर्स ऑफ द फ्लॉवर मून, २०२३. तेलामुळे श्रीमंत झालेल्या ओसेज या अमेरिकन आदिवासी लोकांचे १९२० च्या दशकातले खून. आधीची स्क्रिप्ट तपास करणाऱ्या एफबीआयच्या माणसावर होती, डिकॅप्रिओ तोच रोल करणार होता. मग स्कॉर्सेसीच्या लक्षात आलं की आपण फक्त गोऱ्या लोकांवर सिनेमा काढतोय, आणि सगळं उलटं केलं. तपास अधिकारी दोन तास झाल्यावर दारात येतो, आणि डिकॅप्रिओ होतो मॉली या ओसेज बाईचा नवरा, तिच्या माणसांच्या खुनात सामील असलेला. तारणहाराच्या जागी मारेकरी. तरी प्रीमियरला ओसेज भाषेच्या सल्लागाराने सांगितलंच की मला हे मॉलीच्या नजरेतून बघायला आवडलं असतं. मला दोघांचंही पटतं.

तिसरी_घंटा

कॅमेरा कुणाकडे नाही हे पण बघत चला. स्पीलबर्गच्या लिंकनमध्ये (२०१२) गुलामगिरी संपवायची घटनादुरुस्ती पास होतेय, अडीच तास, आणि फ्रेडरिक डग्लस एका फ्रेममध्येही नाही. स्वतः गुलामगिरीतून पळालेला, लिंकनला व्हाइट हाउसमध्ये जाऊन भेटलेला आणि तोंडावर सुनावणारा माणूस! तो आला असता तर लिंकन छोटा झाला नसता, पण एकटा राहिला नसता. ॲटनबरोच्या गांधीत आंबेडकर नाहीत हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, तसंच हे.

अर्धवट_अनु

हेच लिहायला आले होते, की हे फक्त गोऱ्यांपुरतं नाहीये. आर्टिकल १५ आठवतो का, २०१९? अत्याचार दलित मुलींवर, आणि हिरो कोण तर परदेशात शिकून आलेला ब्राह्मण आयपीएस, जो गावात येऊन जात म्हणजे काय ते पहिल्यांदा शिकतो. निषाद म्हणून दलित नेता आहे, सगळ्यात चांगले संवाद त्याच्याकडे, आणि तो मारला जातो. बिकोचंच माप झालं की हे.

ठोकळा

पण त्या सिनेमामुळे कितीतरी लोकांनी पहिल्यांदा कलम १५ वाचलं असेल.

अर्धवट_अनु

असेल. ज्यांना ते रोज जगावं लागतं त्यांनी नव्हतं वाचलं का आधी? तुम्ही "लोकांनी" म्हणता तेव्हा कुठले लोक ते बघा ना.

कोरा_कागद

अनुचा मुद्दा बरोबर आहे पण त्यावर वेगळा धागा काढा, इथे आर्टिकल १५ सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील आणि निवांतचा भाचा बाजूला राहील.

चष्मेबद्दूर_७२

ड्यून बद्दल काय मत? त्यातला पॉल पण बाहेरून येतो, वाळवंटातल्या लोकांचा मसीहा होतो.

तिसरी_घंटा

ड्यून दिसतो तसा पण आहे त्याच्या विरुद्ध. हर्बर्टने १९६५ ला पुस्तक लिहिलं तेच तारणहारापासून सावध राहा म्हणून, मसीहाची भविष्यवाणी तिथे आधीच पेरून ठेवलेली असते, लोकांना ताब्यात ठेवायला. वाचकांनी तरी पॉलला हिरो केलाच, १९६९ च्या दुसऱ्या भागात त्याच्या नावाने अब्जावधी लोक मेलेले दाखवावे लागले. २०२४ च्या सिनेमात ते काम पॉलच्या वाळवंटातल्या प्रेयसीकडे, चानीकडे, दिलंय, सगळे गुडघे टेकतात आणि ही एकटी निघून जाते. आणि या सगळ्यांचा आजोबा लॉरेन्स ऑफ अरेबिया. तो उंटावरचा शहाणा आहे हे निदान तो सिनेमा लपवत नाही, शेवटी दमास्कसमध्ये लॉरेन्स कुणालाच नको असतो.

निवांत_प्रेक्षक

मंडळी, काल रात्री एक प्रयोग केला. भाच्याला बोलावून ग्लोरी लावला, १९८९ चा. अमेरिकन यादवीतली काळ्या सैनिकांची ५४ वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट, त्यांचा गोरा कर्नल रॉबर्ट शॉ. हा पण माझा लाडका. या वेळी वहीच घेऊन बसलो (भाचा हसत होता).

डेन्झेलला फटके मारतात तो सीन. तो बूट शोधायला गेलेला असतो, पळून गेला समजून पकडतात. पाठीवर आधीच्या मालकांचे वळ. फटका बसतो, त्याच्या गालावरून एकच थेंब ओघळतो. आजपर्यंत मी तो थेंब बघत होतो. काल बघितलं की कॅमेरा मधूनच वळून शॉच्या चेहऱ्यावर जातो, त्याला किती यातना होताहेत ते दाखवायला. फटके तिकडे बसताहेत आणि मी इकडे शॉसाठी हळहळतोय! आणि सगळ्या सिनेमात आवाज कुणाचा, तर शॉचा, त्याने आईला लिहिलेली पत्रं. सैनिकांपैकी कुणी घरी पत्र लिहितंय असं एकदाही दिसलं नाही मला.

तरी शेवटी रडलो. भाचा पण. त्यावर आमचं काही बोलणं झालं नाही.

कोरा_कागद

मस्त पकडलंत. त्यात भर घालतो. फटके मारायची शिक्षा त्यांच्या लष्करात १८६१ लाच बंद झाली होती, म्हणजे तो सीन पण पाटीसारखाच. रेजिमेंटमधले बरेचसे लोक गुलामगिरीतून पळालेले नव्हते, उत्तरेतले स्वतंत्र नागरिक होते, लिहितावाचता येणारे कितीतरी. पगाराचं प्रकरण सिनेमात एका दुपारी मिटतं, डेन्झेल सुरू करतो, मग शॉ स्वतःची पावती फाडतो आणि जयजयकार. प्रत्यक्षात गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातले ३ कपड्यांचे कापून ७. यांनी दीड वर्ष पगारच घेतला नाही. शॉ मेल्यानंतरही कितीतरी महिने. घरी बायकापोरं उपाशी, आणि हे लढताहेत फुकट, पण ७ डॉलर घेत नाहीत. १८६४ मध्ये संसदेला समान पगार द्यावा लागला.

आणि पत्रं म्हणाल तर आहेत की. फ्रेडरिक डग्लसची दोन मुलं होती त्या रेजिमेंटमध्ये, त्यातला लुईस सार्जंट मेजर. फोर्ट वॅग्नरचा हल्ला झाला १८ जुलै १८६३ ला, सिनेमा संपतो तोच हल्ला. दोन दिवसांनी लुईसने अमेलियाला पत्र लिहिलं, पुढे लग्न झालं त्यांचं. लिहितो की मी सुखरूप आहे, कोण कोण गेलं त्यांची नावं, आमच्यावर तोफगोळे कसे पडत होते, आणि मेलो तर चांगल्या कामासाठी मेलो समज. आणि पुढे म्हणतो, काळे सैनिक एक लाख असते ना आमच्याकडे, तर हे युद्ध आम्ही संपवलं असतं.

निवांत_प्रेक्षक

हे पत्र पूर्ण मिळेल का कुठे? भाच्याला पाठवायचंय. त्याने बघायच्या आत.